गणरायाच्या घराची दारे-खिडक्या

श्रावण सरत येतो, पावसाची झड किंचित ओसरते आणि घराघरांतील माळ्यांवरून गतवर्षीची खोकी खाली उतरू लागतात. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला येणारा पाहुणा कोणाकडे दीड दिवस राहतो, कोणाकडे पाच, कोणाकडे गौरींबरोबर जातो, तर कोणाकडे अनंत चतुर्दशीपर्यंत मुक्काम करतो. मुक्काम किती दिवसांचा हा ज्याच्या त्याच्या कुळाचाराचा प्रश्न. परंतु पाहुण्याला घर हवे, याविषयी कोठेही दुमत नाही. कोकणात गणपतीच्या मस्तकावर माटवी बांधली जाते, गोव्यात रानातील फळाफुलांची माटोळी सजते, आणि देशावरील व मुंबईतील असंख्य घरांत पुठ्ठा, लाकडी पट्ट्या व रंगीत कागद यांचे मखर उभे राहते.

षोडशोपचारांत आवाहनानंतर लगेच आसन येते. मखराचा उल्लेख त्या सोळांत नाही. मूर्ती घरी येण्याआधीच यजमानाने करावयाची ती सेवा आहे. तिला मंत्र नाहीत, मुहूर्त नाही, दक्षिणाही नाही. हवी असते ती कात्री, खळ आणि थोडा संयम.

मध्यंतरी हा संयम आपण गमावला होता. थर्माकोलची तयार मखरे बाजारात आली आणि सोन्याच्या वर्खाने चमकणारे राजवाडे तासाभरात घरात उभे राहू लागले. थर्माकोल म्हणजे बहुतांश हवाच. पण त्यातील जो थोडा पदार्थ असतो तो मातीत कुजत नाही, पाण्यात विरघळत नाही. विसर्जनानंतर त्याचे पांढरे मणी नदीकाठी आणि किनाऱ्यावर रेंगाळत राहत. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या वस्तूंवरही बंदी घातली, आणि अनेक घरांना कागद-पुठ्ठ्याची आठवण नव्याने झाली. आमचे घर त्यांपैकीच एक.

त्या वर्षी मोठ्या उत्साहाने मी आणि माझ्या मुलीने मखर केले. मधोमध महिरपी दार, दोहों बाजूंना दोन चौकोनी खिडक्या, वर लहानसे शिखर. केशरी कागदावर बारीक पांढरे पट्टे होते. हरतालिकेच्या आदल्या दिवशी सर्व कागद चिकटवून झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मूर्ती घरी आली, औक्षण झाले, आणि पाहतो तो मखराचा दर्शनी पुठ्ठा भाजलेल्या पापडासारखा वाकलेला! दाराच्या दोन्ही बाजू पुढे कलल्या होत्या. मूर्ती त्यातून आत जाईना. मुलगी रडकुंडीला आली. आई तेवढेच म्हणाली, "अरे, तुझ्या बाबांचं मखर कधी असं वाकलं नाही."

बाबांचे जुने मखर माळ्यावर होते. त्यांच्या पश्चात ते कोणी उघडले नव्हते. रात्री ते खाली काढले. रंग उडाले होते, कडा झिजल्या होत्या, पण पुठ्ठा पट्टीने आखावा तसा सरळ होता. उलटून पाहिले तर मागच्या बाजूस सर्वत्र जुनी वर्तमानपत्रे चिकटवलेली! लहानपणी मी त्यांना विचारले होते, की जे कोणाला दिसणार नाही तेथे कागद कशाला? ते हसून म्हणाले होते, "देवाला मागची बाजूही दिसते." मी ते भाविकाचे उत्तर समजलो होतो. त्या उत्तराच्या पोटात एका कारागिराचे ज्ञान होते, हे कळायला मला इतकी वर्षे लागली.

कारण साधे आहे. खळ लावली की कागदाचे तंतू पाणी पिऊन फुगतात आणि कागद पसरतो. वाळताना तो पुन्हा आक्रसतो आणि आपल्याबरोबर पुठ्ठ्यालाही ओढतो. ओढ एकाच बाजूने असेल तर पुठ्ठा त्या बाजूस वाकणारच. मागेही कागद असेल तर दोन ओढी एकमेकींना तोलून धरतात. पुस्तक बांधणारे हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात.

त्या रात्री आम्ही पुठ्ठे सोडवले, मागून वर्तमानपत्रे चिकटवली, वर पाट ठेवून त्यावर तांदळाचे आणि पिठाचे डबे रचले. नंतर डबे काढून उरलेली रात्र पंखा चालू ठेवला. पहाटेपर्यंत दार पुरते नव्हे, पण मूर्ती आत जाईल इतके सरळ झाले होते. प्राणप्रतिष्ठा वेळेवर झाली.

त्यानंतर दरवर्षी आम्ही हे काम चतुर्थीपूर्वी आठ दिवस उरकतो, कारण भाद्रपदाच्या दमट हवेत कागद सावकाश वाळतो. अनुभवाने जे कळले ते आपणांसमोर ठेवतो.

प्रथम खळ. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावा, मग चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळावे. मिश्रण काचेसारखे अर्धपारदर्शक झाले की उतरवून, गार करून गाळावे. पुस्तक बांधणारे कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. परंतु ते विष आहे. मुलेबाळे असलेल्या घरात त्याऐवजी लागेल तेवढी ताजी खळ करावी.

मग कागदाची परीक्षा. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतूंचा कल बहुधा एकाच दिशेने असतो, आणि भिजल्यावर कागद त्या कलाला आडवा अधिक पसरतो. लहान तुकडा एका बाजूने ओला केला की त्याची सुरळी होते. त्या सुरळीची लांबी ज्या दिशेस, त्या दिशेस तंतू. पुढचा आणि मागचा कागद एकाच कलाने लावावा. हातकागदात असा ठळक कल नसतो, म्हणून तो अशा कामाला फार गुणी. आपल्याकडे जुन्नरचा कागद एके काळी प्रसिद्ध होता, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याने तर आपल्या नावातच हा व्यवसाय जपला आहे, आणि पुण्यात १९४० पासून हातकागदाची संस्था उभी आहे.

आता दारे-खिडक्या. नवखा माणूस खिडकीच्या मापाचे भोक कागदात आधीच कापतो. कागद भिजून पसरतो आणि भोक जागेवरून सरकते. म्हणून खिडकी नाहीच असे समजून अखंड कागद लावावा. खळ लावल्यावर दोन-चार मिनिटे थांबावे, म्हणजे कागदाला पसरायचे ते आधीच पसरून होते. मग तो पुठ्ठ्यावर ठेवून मऊ फडक्याने मधून कडांकडे हवा काढत न्यावी. त्यानंतर मागून खिडकीच्या मधोमध टोक खुपसून चारही कोपऱ्यांकडे तिरप्या चिरा द्याव्यात. चार त्रिकोणी पाकळ्या सुटतात. त्या बोटभर ठेवून बाकी कापाव्यात आणि मागे दुमडून चिकटवाव्यात. कोपऱ्यात पुठ्ठ्याची जाडी उघडी पडते, तेथे त्याच कागदाची लहान चिंधी आधीच लावून ठेवावी.

महिरपीला पाकळ्या चालत नाहीत. तेथे आत येणाऱ्या कागदाला अर्ध्या अर्ध्या बोटावर कातऱ्या द्याव्यात आणि त्या कडेच्या केसभर अलीकडे थांबवाव्यात, म्हणजे दर्शनी बाजूस चीर दिसत नाही. दोन कागदांचा सांधा खिडकीच्या कडेच्या रेषेत कधीही आणू नये. तो कोपऱ्यापासून फाटत जातो. सांधा दाराच्या वर मधोमध घ्यावा आणि नक्षी पट्ट्यांची असल्यास दारावरचा पट्टा दाराखालीही त्याच रेषेत उतरतो ना, हे दोरा धरून पाहावे. शेवटी चौकटीच्या पट्ट्या कोपऱ्यांवर ४५ अंशांत कापून बसवल्या, की राहिलेसाहिले दोष झाकले जातात.

एक सूचना मात्र मनापासून. कागदाचे घर आणि उघडी ज्योत यांचे सख्य नाही. समई आणि निरांजन मखराबाहेर, पुरेशा अंतरावर असावे; आरतीचे तबक ओवाळताना महिरपीला लागू नये. आत रोषणाई हवी असेल तर तापणारे दिवे टाळावेत.

विसर्जनाच्या दिवशी आमचे मखर पाण्यात जात नाही. ते पुसून, जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर जाते. गेल्या वर्षी मुलीने मागच्या बाजूस कागद चिकटवताना त्या दिवसाचे वर्तमानपत्र निवडले आणि कोपऱ्यात पेन्सिलीने वर्ष लिहिले. बाबांच्या मखरामागेही अशीच तारखेची पाने आहेत. ती दर्शनाला आलेल्या कोणालाच दिसत नाहीत.

यंदा आपल्या घरीही मखराची तयारी सुरू झाली असेल. मुलांना शेजारी बसवा, कात्री त्यांच्या हाती द्या, आणि मागचा कागद विसरू नका. विघ्नहर्ता आपणां सर्वांच्या घरी सुखाने येवो.