पोटातली खतावणी

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जंतांवर लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण माझी फी कोकरे विकून भरली जाते, तेव्हा विषय अगदीच परका नाही.

औराद तालुक्यात आमचे घर. गेल्या श्रावणात आमच्या तीन मेंढ्या गेल्या. शेवटपर्यंत चरत होत्या. पण पापण्या आतून पांढऱ्या, जबड्याखाली पाणी उतरून सूज. शेजारचे काका म्हणाले, 'होट्टे हुळा'. आई म्हणाली, 'जंत'. रोग एक, नावे दोन.

प्राणिशास्त्राच्या सरांनी तिसरे सांगितले : हिमाँकस कॉन्टॉर्टस. मुक्काम पोटाच्या चौथ्या कप्प्यात, अन्न मेंढीचे रक्त. एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. ती लेंडीतून रानात पडतात आणि पावसाळी गवतावर अळ्या चढून बसतात.

रक्त गेले म्हणून मेंढी खंगली, एवढेच मी समजत होतो. पण जंतामुळे पोटातली खतावणीही बदलते! शरीरातील बहुतेक पेशींत जनुकांचा संच तोच असतो. चालू खाती मात्र वेगवेगळी, आणि त्यावरच पेशीचे काम ठरते. जंताची चाहूल लागताच अस्तरातल्या 'टफ्ट' पेशी इंटरल्यूकिन-२५ हा निरोप धाडतात. त्यावर प्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-१३ सोडतात आणि मूलपेशींना हुकूम मिळतो : बुळबुळीत श्लेष्मा करणाऱ्या पेशी वाढवा. ही साखळी २०१६ साली उंदरांत उलगडली. जंत झालेल्या मेंढ्यांतही टफ्ट पेशी वाढलेल्या आढळल्या. इकडे आम्ल तयार करणाऱ्या पेशी घटतात, प्रथिने नीट पचत नाहीत. खाऊनही अंगी लागत नाही ते असे.

२०१८ चा शोध तर विलक्षण. उंदराच्या आतड्यात दुसऱ्याच एका जंताच्या अळ्या जिथे रुतल्या, तिथल्या पेशींत गर्भावस्थेतील जनुके पुन्हा जागी झाली. कधीच बंद झालेली खाती!

आमची चूक निराळी. दरवर्षी तेच औषध, तेही अंदाजाने पाजायचे. अपुऱ्या मात्रेतून चिवट जंत तेवढे उरतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गॅरोल मेंढीचा आपल्या दख्खनी व बन्नूर मेंढ्यांशी संकर केला, तेव्हा संकरित कोकरांच्या लेंडीत जंतांची अंडी कमी निघाली. म्हणजे प्रतिकार रक्तातूनही उतरतो.

आता आई वजन करूनच औषध देते. कळपातली एक म्हातारी मेंढी कधी आजारी पडलीच नाही. तिचे मादी कोकरू विकायचे नाही असे ठरले आहे, आणि माझी परीक्षा फी त्यापायी अजून थकली आहे.