नाव दप्तरातले आणि नाव आवडीचे

संगणकाच्या जाळ्यावर वावरणाऱ्या प्रत्येकाला आज एक दुसरे नाव धारण करावे लागते. त्याला सर्वजण ‘युजरनेम’ म्हणतात. नव्या पिढीची ही एक हौस आहे, असे समजून जाणती माणसे तिकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः या नावामागे दोन फार जुन्या गरजा दडलेल्या आहेत. राज्यसंस्थेला प्रत्येक माणूस मोजता आणि शोधता यावा, ही पहिली. आणि आपण कोण हे माणसाला स्वतः ठरवता यावे, ही दुसरी. या दोन्ही गरजांचा लिखित इतिहास चीनइतका प्रदीर्घ अन्यत्र क्वचितच आढळेल. त्यांच्यातील झगडाही आज चीनमध्येच विशेष तीव्र झालेला दिसतो. म्हणून या विषयाचा विचार चीनच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरेल.

युजरनेमचा जन्म चीनमध्ये झाला, असा मात्र याचा अर्थ नव्हे. तो झाला अमेरिकेत, आणि तोही काटकसरीच्या पोटी. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत सिद्ध केली. संगणकाचा वेळ त्या काळी अत्यंत महाग होता. कोणी किती वेळ वापरला याचा हिशेब राहावा आणि एकाचे काम दुसऱ्याच्या हाती लागू नये, यासाठी प्रत्येकाला एक नाव व एक सांकेतिक शब्द देण्यात आला. म्हणजे युजरनेम हे मुळात खतावणीतले खाते होते. त्याला हौसेचे रूप पुढे आले. नावाची ही दोन रूपे चीनने दोन सहस्रकांपूर्वीपासून पाहिली आहेत.

करासाठी नाव

इ.स.पूर्व चौथ्या शतकात छिन राज्याचा प्रधान शांग यांग याने ज्या सुधारणा अंमलात आणल्या, त्यांत घरांची नोंदणी ही पायाभूत होती. पाच-पाच व दहा-दहा कुटुंबांचे गट पाडून त्यांना परस्परांच्या वर्तनाबद्दल जबाबदार धरण्यात आले. हेतू उघड होता. कर, वेठ आणि सैन्यभरती या तिन्हींसाठी माणूस नावानिशी हाती सापडला पाहिजे. तत्पूर्वी कुलनाम हे मुख्यतः सरदार घराण्यांचे भूषण होते. सामान्य जनांना ते लाभले ते याच सुमारास आणि पुढील काही पिढ्यांत. हूनान प्रांतातील लीये येथे २००२ साली छिन काळातील ३६ हजारांहून अधिक लाकडी पट्ट्या उजेडात आल्या. तेथेच मिळालेल्या घरनोंदींत कुटुंबप्रमुखाचे गाव, दर्जा व नाव आणि खाली बायकामुलांची नावे क्रमाने लिहिलेली आढळतात. हान राजवटीच्या इ.स. २ मधील गणनेत तर सुमारे १ कोटी २२ लाख घरे आणि ५ कोटी ९५ लाख माणसे नोंदली गेली. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे दप्तर पाहून आजच्या प्रशासकानेही थक्क व्हावे.

या व्यवस्थेची दुसरी बाजू इतिहासकार सिमा छियान याने नोंदवून ठेवली आहे. इ.स.पूर्व ३३८ मध्ये आश्रयदाता राजा मरण पावताच शांग यांगवर राजद्रोहाचा आरोप आला आणि तो पळाला. सीमेजवळच्या एका खाणावळीत त्याने रात्रीपुरती जागा मागितली. समोर कोण उभा आहे हे खाणावळवाल्याला ठाऊक नव्हते. त्याने सांगितले की, ओळखीचा पुरावा नसलेल्याला आसरा दिला तर शांग यांगच्या कायद्याने मलाच शिक्षा होईल. कायदा करणाऱ्यालाच त्या कायद्याने दार बंद झाले.

नावावरील राजसत्तेचा हक्क एवढ्यावरच थांबला नाही. सम्राटाच्या नावातील अक्षर प्रजेने लिहू वा उच्चारू नये, असा दंडक होता. थांग सम्राट थायत्सुंग याचे नाव ली शृमिन. त्यातील ‘मिन’, म्हणजे प्रजा, हे अक्षर वर्ज्य ठरल्याने त्याच्या मृत्यूनंतर, इ.स. ६४९ मध्ये, महसूल सांभाळणाऱ्या ‘मिन’ खात्याचे नाव बदलून ‘घरांचे खाते’ असे करावे लागले! यात एक गंमत आहे. पण १७७७ साली वांग शीहोऊ या विद्वानाने आपल्या कोशात छिंग सम्राटांची नावे पूर्ण अक्षरांत छापली, तेव्हा त्याला देहान्ताची शिक्षा झाली. त्यात गंमत उरत नाही.

स्वतः घेतलेले नाव

तथापि याच समाजाने माणसाला आणखी एका नावाचा अधिकार दिला होता. सुशिक्षित चिनी पुरुषाला जन्मनाव वडील देत. विसाव्या वर्षाच्या सुमारास त्याला प्रौढपणाचे नाव मिळे; समवयस्कांनी त्याला याच नावाने हाक मारायची. तिसरे नाव ‘हाव’. हे बहुधा ज्याचे त्याने निवडायचे, हवे तेव्हा बदलायचे, हवी तितकी घ्यायची. आजच्या युजरनेमशी याचे नाते सर्वांत जवळचे आहे.

कवी सू शी (१०३७–११०१) याच्यावर कवितांतून शासनाची निंदा केल्याबद्दल १०७९ साली खटला झाला आणि त्याला ह्वांगचौ येथे हद्दपार करण्यात आले. तेथे पोटासाठी त्याने नगराच्या पूर्वेकडील उतारावरची पडीक जमीन कसली, आणि ‘पूर्वेकडच्या उताराचा रहिवासी’ – तुंगफो – हे नाव घेतले. सरकारी दप्तरात तो अपराधी होता; लोकांनी मात्र तुंगफो हेच नाव हृदयाशी धरले. त्याचा गुरुतुल्य ज्येष्ठ ओउयांग श्यू याने आपल्याला ‘सहा एकांचा धनी’ म्हणवून घेतले. दहा हजार ग्रंथ, एक हजार शिलालेखांचे ठसे, एक तंतुवाद्य, एक सोंगट्यांचा पट, एक मद्याची सुरई आणि या सर्वांत रमलेला एक म्हातारा. विसाव्या शतकात चौ शूरेन यांनी १९१८ साली ‘लू शुन’ हे नाव धारण केले. पुढे सेन्सॉरच्या नजरेतून निसटण्यासाठी त्यांनी नावे वरचेवर बदलली. त्यांची टोपणनावे शंभरावर भरतात. गोविंदाग्रज आणि कुसुमाग्रज यांच्या वाचकांना हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही.

झाकलेल्या नावाचा न्याय

येथे एक तिसरी गोष्ट शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. सुंग राजवटीने सरकारी नोकरीच्या परीक्षांत उमेदवाराचे नाव कागद चिकटवून झाकण्याची पद्धत दृढ केली. हस्ताक्षरावरूनही ओळख पटू नये म्हणून उत्तरपत्रिका लेखनिकांकडून नव्याने उतरवून घेण्याचे कार्यालय १०१५ साली स्थापन झाले. १०५७ च्या परीक्षेत ओउयांग श्यू परीक्षक होता. एक निबंध त्याला सर्वोत्कृष्ट वाटला. परंतु तो आपल्याच शिष्याचा असावा अशा शंकेने, पक्षपाताचा दोष नको म्हणून, त्याने तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवला. निबंध निघाला अपरिचित अशा सू शीचा! आपल्या उत्तरपत्रिकेवरचा आसन क्रमांक याच तत्त्वावर उभा आहे. नाव झाकणे म्हणजे जबाबदारी टाळणे, असे जे सरसकट म्हटले जाते त्याला हे चोख उत्तर आहे. काय म्हटले याचा निवाडा व्हायचा असेल, तर कोणी म्हटले हे काही काळ बाजूला ठेवावे लागते.

रंगमंच आणि नेपथ्य

आजचा चीन या तिन्ही परंपरांचा वारस आहे. परंतु कल पहिलीकडे आहे. १ मार्च २०१५ पासून खात्यांच्या नावांविषयी दहा कलमी नियम लागू झाले. रंगमंचावर हवे ते नाव घ्या, नेपथ्यात मात्र खरे नाव द्या, हे त्यांचे सूत्र. जून २०१७ पासूनच्या सायबर सुरक्षा कायद्याने खऱ्या नावाच्या नोंदणीला भक्कम आधार दिला. एप्रिल २०२२ मध्ये वेइबो या लोकप्रिय माध्यमावर लिहिणाऱ्याचा प्रांत आपोआप दिसू लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रमुख कंपन्यांनी पाच लाखांहून अधिक अनुयायी असणाऱ्या आणि राजकारण, अर्थकारण आदी विषयांवर लिहिणाऱ्यांची खरी नावे उघड दाखवण्याचे जाहीर केले. १५ जुलै २०२५ पासून शासनाने स्वतःच जाळ्यावरील ओळख-क्रमांक देण्यास प्रारंभ केला. तो नियमाने ऐच्छिक आहे. रंगमंच आणि नेपथ्य यांमधला पडदा असा हळूहळू वर जात आहे.

यामागची कारणे सर्वस्वी खोटी आहेत, असे म्हणता येणार नाही. फसवणूक, बदनामी, अफवा या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचे बळी गरीबच अधिक असतात. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने कोणत्याही उपायाचा लाभ त्याच्या खर्चाशी ताडून पाहिला पाहिजे. शेजारच्या दक्षिण कोरियाने २००७ साली मोठ्या संकेतस्थळांना वापरकर्त्यांची ओळख पटवणे सक्तीचे केले. जुलै २०११ मध्ये तेथील एका कंपनीकडून सुमारे साडेतीन कोटी वापरकर्त्यांची माहिती चोरीस गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील घटना न्यायालयाने ही सक्ती एकमताने रद्द ठरवली. सक्तीमुळे गैरमजकुरात लक्षणीय घट झाल्याचे दिसत नव्हते आणि लोकांची वाणी मात्र आखडत होती. जी यादी एकदा तयार होते ती केवळ तयार करणाऱ्याच्याच हाती राहते, असा नियम नाही.

राज्याने नोंद ठेवू नये, असा याचा अर्थ नव्हे. नोंदीवाचून कर नाही, रेशन नाही, मतदानही नाही. प्रश्न एवढाच की, टोपणनाव आणि दप्तरातले नाव यांना जोडणारी किल्ली कोणाच्या हाती असावी, आणि ती कोणाच्या हुकमाने फिरावी. ती न्यायालयाच्या विशिष्ट आदेशानेच, विशिष्ट गुन्ह्यापुरती फिरत असेल, तर सज्जनाला भय नाही. ती कोणाही अधिकाऱ्याच्या खुंटीला टांगलेली असेल, तर शांग यांगची खाणावळ फार दूर नाही. सुंग सम्राटांना योग्य माणसे हवी होती, म्हणून त्यांनी स्वतः होऊन नावे झाकली. सत्य ऐकण्याची गरज ज्या शासनाला वाटते, त्याला आपल्या प्रजेच्या टोपणनावाचे भय वाटण्याचे कारण नसते.