पकडलेलं जहाज, जळालेलं आरमार
मी लातूरचा. आमच्याकडं २०१६ ला प्यायचं पाणीसुद्धा रेल्वेनं आलं, त्यामुळं समुद्राचं मला भारी अप्रूप.

आज ‘रेस्टोरेशन’ची गोष्ट. ईस्ट इंडिया कंपनीचं हे लढाऊ जहाज तुळाजी आंग्र्यांनी पकडलं आणि आपल्या आरमारात घेतलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. खाडीत आंग्र्यांच्या गुराबा एकमेकींना बांधून ठेवलेल्या. एक कुलपी गोळा, म्हणजे आत दारू भरलेला, नेमका रेस्टोरेशनवर पडला. ते पेटलं आणि बघता बघता सगळं आरमार जळालं.

मला खटकतं ते पुढचं. जमिनीच्या बाजूनं पेशव्यांची फौज होती, तीही इंग्रजांच्या मदतीला! तुळाजी बोलणी करायला तिच्याच छावणीत गेले होते. तिथंच ते कैद झाले.