एकच खडक, दोन वर्णलेखने

विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागातील संशोधन म्हणजे हातोडी, होकायंत्र आणि नमुन्यांच्या पिशव्या, असा समज असला तरी शोधनिबंधांचे संपादन हेही तितकेच काटेकोर शास्त्रीय काम असते.

दख्खनचा बेसाल्ट हे त्याचे उत्तम उदाहरण होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे हे लाव्हाथर डोळ्यांना बहुधा सारखेच दिसतात. म्हणून नमुने दळून त्यांतील टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम यांचे प्रमाण मोजतात आणि सारख्या रासायनिक ठेवणीच्या लागोपाठच्या थरांचा मिळून ‘शैलसमूह’, म्हणजे नकाशावर वेगळा दाखवता येणारा खडकांचा संच, मानतात. बुशे शैलसमूहाच्या लाव्हात वर येताना भूकवचाचा अंश बराच मिसळला, तर आंबेनळीचा लाव्हा त्या मानाने निर्भेळ राहिला.

संपादकाची खरी कसोटी नावांत लागते.

नेरळ, ठाकूरवाडी, खंडाळा, पोलादपूर, महाबळेश्वर ही शैलसमूहांची नावे गावे आणि घाटवाटांवरून आलेली असून, रोमन लिपीत त्यांची वर्णलेखने लेखकागणिक बदलली, तर परदेशी वाचकाला एकच शैलसमूह दोन भासू शकतो. म्हणूनच के. व्ही. सुब्बाराव यांनी संपादित केलेल्या १९८८ च्या ‘डेक्कन फ्लड बेसाल्ट्स’सारख्या अनेक लेखकांच्या ग्रंथात नावे, एकके आणि नमुनाक्रमांक ताडून पाहणे हे मुद्रितशोधनापुरते उरत नाही. (कंटाळवाणे मात्र ते निश्चितच असते.)

आपल्या परिसरातील खडक कोणत्या शैलसमूहात मोडतो, याविषयी शंका असल्यास वाचकांनी गावाच्या नावासह अवश्य विचारावी.