विचारा, विचारल्याने माणूस वाचतो

शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आली की पारावर चर्चा होते ती पावसाची, बाजारभावाची आणि कर्जाची. ही चर्चा रास्तच आहे. पण त्याच शिवारात तेवढीच नापिकी सोसलेले आणि तेवढेच कर्ज अंगावर असलेले आणखी दहाजण असतात. त्यांपैकी एखाद्याचेच मन का खचते? आणि खचलेल्या माणसाला वेळीच सावरता येते का? या प्रश्नांची उत्तरे मानसशास्त्र शोधते. म्हणूनच हे शास्त्र केवळ वेड्यांच्या इस्पितळापुरते नाही. समाजाच्या दुखण्यावरही ते उपयोगी पडते.

आमचे पिशोर कन्नड तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत वसलेले. कापूस, मका आणि अद्रक ही इथली पिके. अद्रकाला तर बेण्यापासूनच मोठे भांडवल लागते. भाव मिळाला तर घर उभे राहते आणि भाव कोसळला तर दोन-तीन वर्षांची कमाई जाते. त्याचा परिणाम माझ्या दवाखान्यात दिसतो. मात्र ‘माझे मन दुखते’ असे सांगत कोणी येत नाही. छातीत धडधड, पोटात आग, डोके जड, झोप नाही, जेवण गोड लागत नाही, अशीच तक्रार असते.

मुकाट माणूस बोलतो

असेच एक शेतकरी महिनाभरात तिसऱ्यांदा ‘ॲसिडिटी’ची गोळी मागायला आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलला आहे.) अंगावरचे कपडे मळलेले, दाढी वाढलेली, नजर जमिनीकडे. पत्नी म्हणाली, “डॉक्टरसाहेब, यांचं कशातच ध्यान नाही. वावरात जातात अन् बांधावर बसून राहतात.” तिला बाहेर बसवून मी विचारले, “दादा, कधी जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येते का?”

बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “येतं साहेब. पण हे कोणी विचारलंच नव्हतं.” त्यानंतर ते अर्धा तास बोलले आणि मी फक्त ऐकले.

अनेकांना भीती वाटते की असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घुसेल. ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने माणूस आत्महत्येकडे वळत नाही, उलट मनावरचे ओझे थोडे हलके होते. त्याच दिवशी त्यांच्या भावाला बोलावले. घरातील फवारणीची औषधे भावाने आपल्याकडे नेली. काही दिवस त्यांना एकटे सोडायचे नाही असे ठरले. मानसोपचारतज्ज्ञांची औषधे सुरू झाली. कर्ज तेवढेच राहिले, पण दीड-दोन महिन्यांनी तेच गृहस्थ भावाला सोबत घेऊन बँकेत हप्त्यांबद्दल बोलायला गेले.

झापड बांधलेले मन

घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधतात, तशी नैराश्यात मनावर झापड बसते. सुटकेचे चार मार्ग असले तरी एकही दिसत नाही. पण आत्महत्येची तीव्र ऊर्मी बहुधा काही काळाने ओसरते. तेवढा वेळ माणूस सांभाळला गेला आणि विष हाताशी नसले तर जीव वाचू शकतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि 1995 ते 2015 या काळात तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटले.

तज्ज्ञ थोडे, पण हात पुष्कळ

प्रत्येक खेड्यात मानसोपचारतज्ज्ञ कोठून आणायचा? याचे उत्तर गोव्यात आणि आपल्याच विदर्भात मिळाले आहे. गोव्यातील ‘संगथ’ संस्थेने सामान्य स्त्री-पुरुषांना समुपदेशनाचे शिक्षण दिले. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या. रुग्णाने टाकून दिलेली रोजची छोटी कामे पुन्हा सुरू करायची, हा त्यातला मुख्य भाग. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना हे समुपदेशन मिळाले नाही, त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्के होते.

अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्प राबवला गेला. गावातीलच कार्यकर्ते घरोघर जाऊन मनाच्या आजाराबद्दल बोलत आणि गरजूंना उपचारापर्यंत नेत. पूर्वी नैराश्यग्रस्तांपैकी जेमतेम 4 टक्के लोक मदत घेत, ते प्रमाण 27 टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाणही 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले.

समुपदेशनाने पाऊस पडत नाही आणि भावही वाढत नाही. सिंचन, पीकविमा, रास्त भाव यांची लढाई लढावीच लागेल. पण ती लढायला माणूस शिल्लक राहिला पाहिजे.

आपण काय करावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडणे, कामात मन न लागणे, लोकांना टाळणे, दारू वाढणे, ‘माझ्यामागे पोरांचे बघा’ अशी निरवानिरवीची भाषा करणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर त्या माणसाजवळ बसा आणि स्पष्ट विचारा. ‘मर्दासारखा वाग’, ‘इतरांना काय कर्ज नाही?’ असे बोलू नका, त्याने तो आणखी मिटतो. ‘बाहेरचे’ समजून अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू नका. घरातील कीटकनाशके हलवा, त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या.

‘टेली मानस’चा 14416 हा क्रमांक 2022 पासून सुरू आहे. फोन मोफत लागतो, रात्रंदिवस लागतो आणि मराठीतही बोलता येते. पोलिसांच्या भीतीने आत्महत्येचा प्रयत्न लपवून उपचार टाळू नका. अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा मानतो. तिच्यावर उपचार करणे आणि तिचे पुनर्वसन करणे ही सरकारची जबाबदारी आहे.

आपल्याकडे भेट झाली की पहिला प्रश्न असतो, “काय म्हणतं पीक-पाणी?” तो जरूर विचारा. त्यापाठोपाठ “अन् तुमचं कसं चाललंय?” हेही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जागचे हलू नका.