काळी एक, पांढरी एक आणि मधली स्प्रिंग

गाणं ऐन रंगात आलेलं असतं आणि पेटीच्या पोटातून ‘धप्प’ असा आवाज येतो. पिन थरथरते, सूर क्षणभर हलतो आणि पुन्हा सावरतो. थोड्या वेळाने परत धप्प. घरातलं कुणी म्हणतं, तबकडी खराब झाली. कुणी म्हणतं, पिन धरणारा साउंडबॉक्स गेला. चावीच्या ग्रामोफोनवर हात बसलेला कारागीर मात्र तबकडीकडे बघतही नाही. तो पेटीच्या लाकडाला कान लावतो आणि दुखणं कुठे आहे ते सांगतो: स्प्रिंगच्या डब्यात.

त्या डब्यात पोलादी पट्टीचे वेढे एकावर एक बसलेले असतात. ते एकमेकांवरून अलगद सरकावेत म्हणून कारखान्यातच त्यांना ग्रीस लावलेलं असतं. जुन्या ग्रीसमध्ये बहुधा ग्रॅफाइट मिसळलेलं असे. कित्येक दशकांनंतर हे ग्रीस सुकून डिंकासारखं होतं आणि वेढे एकमेकांना चिकटून राहतात. आतला ताण वाढला की ते एकदम सुटतात. ऐकू येतो तो धप्प आवाज या सुटण्याचाच. सूर हलतो तोही त्यामुळेच.

मराठी घरांत या यंत्राला सरसकट ‘फोनो’ म्हटलं गेलं. खरं तर फोनोग्राफ वेगळा आणि ग्रामोफोन वेगळा. थॉमस एडिसनने १८७७मध्ये केलेला फोनोग्राफ नळकांड्यावर आवाज कोरत असे. सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचं पेटंट एमिल बर्लिनरने १८८७मध्ये घेतलं. आपल्याकडे माळ्यावरच्या ट्रंकेमागे सापडतो तो बहुतेक वेळा ग्रामोफोनच. पण चावी, स्प्रिंग आणि वेग आवरणारा गव्हर्नर हे त्रिकूट दोन्हींकडे सारखंच.

सुरुवातीच्या यंत्रांत ही स्प्रिंग नव्हती. एडिसनचा पहिला फोनोग्राफ हाताने फिरवावा लागे आणि बर्लिनरचे पहिले ग्रामोफोनही तसेच होते. फिरवणाऱ्याचा हात जरा थकला की गाणाऱ्याचा आवाज जाड व्हायचा, जोर आला की चिरका. विजेच्या मोटरी तेव्हा निघाल्या होत्या, पण त्यांना आम्लाच्या बॅटऱ्या लागत आणि बैठकीच्या खोलीत त्या कुणाला नको होत्या. तोडगा निघाला न्यू जर्सीतल्या कॅम्डेन गावात. तिथे एल्ड्रिज जॉन्सन या यंत्रकाराचं छोटं वर्कशॉप होतं. १८९६मध्ये त्याने बर्लिनरच्या यंत्रासाठी चावीची मोटर बनवून दिली. ती स्वस्त होती आणि वेग बऱ्यापैकी कायम ठेवत होती. पाच वर्षांनी, १९०१मध्ये, याच जॉन्सनने व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी उभी केली.

कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला कुत्रा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराने आधी त्याच्यासमोर नळकांड्याचा फोनोग्राफ रंगवला होता. १८९९मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना तो खोडून आपलं यंत्र रंगवायला लावलं. चित्रातल्या त्या नव्या यंत्राच्या पेटीत जॉन्सनच्या वर्कशॉपमधून निघालेली चावीची मोटर आहे.

भारतात चावीचं यंत्र लवकर रुजलं. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग १९०२मध्ये कोलकात्याला आला आणि त्याने गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जात. गाणं संपताना गायक-गायिका स्वतःचं नाव पुकारत, कारण तिकडच्या कामगारांना मेणाच्या मूळ तबकडीवरून कोण गातंय ते कळणार कसं? १९०८पासून कोलकात्यात सियालदहला तबकड्या छापणं सुरू झालं. पुढे बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांची गाणी वीज न पोचलेल्या गावांतही घुमली ती या चावीच्या जोरावर. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास चाले. ती संपली की बाजू बदलायची, पिन बदलायची आणि चावी द्यायची. चावी देण्याचं काम घरातल्या पोरांकडे असे आणि त्यावरून भांडणंही होत.

आता दुरुस्तीचं टेबल. समोर एचएमव्हीचं १०२ हे सुटकेसच्या आकाराचं मॉडेल उघडून ठेवलंय असं समजू. १९३१मध्ये बाजारात आलेलं हे यंत्र पुढे पंचवीसहून अधिक वर्षं बनत राहिलं, म्हणून आजही ते सापडतं. कारागीर सगळ्यात आधी ब्रेक सोडतो आणि तबकडी ठेवायची थाळी आपोआप थांबेपर्यंत वाट पाहतो. स्प्रिंगमधला उरलासुरला ताण निघून गेल्याशिवाय कुठल्याही स्क्रूला हात लावायचा नाही. भरलेल्या मोटरीचा गव्हर्नर कुणी नकळत सैल केला, तर चाकांना आवरणारं काहीच उरत नाही. सगळी दातेरी रांग सुसाट सुटते आणि दाते उडतात, बोटही सापडू शकतं.

थाळी वर उचलली जाते, मोटर उलटी करून बाहेर काढली जाते आणि डब्याचं झाकण हलक्या ठोक्यांनी निघतं. आत सुमारे इंचभर रुंद, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड आणि सुमारे तीन मीटर लांबीची पट्टी गुंडाळलेली दिसते. चावी पूर्ण उतरली तरी डब्यात कोंबलेल्या या पट्टीत जोर असतोच. ती एकदम सुटली तर धारदार कडांनी तळवा चिरते. म्हणून जाड चामडी हातमोजे घालून, डबा जुन्या गोधडीत धरून, मधल्या टोकापासून एकेक वेढा बाहेर काढायचा. अर्ध्या खोलीत पसरलेली ती काळी, चिकट पट्टी रॉकेलने पुसली की खालचं पोलाद दिसतं.

इथेच खरा निकाल लागतो. पट्टी नुसती घाण झालेली असेल तर नवं ग्रीस लावून परत बसवता येते. पण मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत राहिलेल्या यंत्रात गंजाचे बारीक खड्डे पडलेले असतात आणि पोलादाला तडा जातो तो अशाच खड्ड्यातून. ‘चावी जास्त दिली म्हणून स्प्रिंग तुटली’ असं घरोघरी सांगितलं जातं आणि त्याचा ठपका एखाद्या काकावर कायमचा बसलेला असतो. प्रत्यक्षात पुरी भरलेली स्प्रिंग फक्त थांबते. त्यानंतरही दांडगाई केली तर टोकाचं भोक फाटू शकतं, पण मधेच तुटलेली पट्टी बहुधा थकून किंवा गंजून गेलेली असते. काका निर्दोष सुटायला हरकत नाही.

पट्टी बाहेरच्या टोकाजवळ तुटली असेल तर जुन्या हातांना उपाय माहीत असतो. तेवढंच टोक लाल होईपर्यंत तापवायचं आणि हळूहळू थंड होऊ द्यायचं. पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, ते मऊ पडतं आणि मग त्यात नवं भोक पाडता येतं. स्प्रिंग थोडी आखूड होते, पण चालते. आतल्या टोकाशी, आकड्याजवळ तुटली तर ही युक्ती फारशी कामाला येत नाही, कारण तिथलं वळण अगदी घट्ट असतं. मग नवी स्प्रिंगच आणावी लागते. तिची रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाचा आकार जुळला तरच ती डब्यात बसते.

जोर मिळाला, पण त्याला लगाम घालणारा गव्हर्नर याहून नाजूक. भरलेली स्प्रिंग सुरुवातीला जोरात ढकलते आणि उतरत जाते तशी ढिली पडते. तरीही गाणं शेवटपर्यंत एका वेगाने चालतं, ते गव्हर्नरमुळे. एका बारीक दांड्यावर तीन पातळ पट्ट्या आणि प्रत्येकीच्या मध्यावर एक छोटं वजन असतं. दांडा थाळीच्या कित्येक पट वेगाने फिरतो. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, पट्ट्या कमानीसारख्या वाकतात आणि दांड्यावरची चकती सरकून चामड्याच्या किंवा फेल्टच्या गादीला घासते. घर्षण वाढलं की वेग उतरतो. वरची वेगाची खुंटी फिरवली की ही गादीच पुढे-मागे होते, एवढंच.

गादी वाळून कडक झाली की किणकिण आवाज येतो आणि सूर थरथरतो. तिला तेलाचे दोन थेंब आणि दांड्याच्या टोकांना शिलाई मशीनचं पातळ तेल पुरतं. तीन पट्ट्यांपैकी एक वाकलेली किंवा वेगळ्या जाडीची असेल तर दांडा लटपटतो. म्हणून समजूतदार कारागीर एकच पट्टी बदलत नाही, तिन्ही बदलतो.

यानंतरचं काम यंत्राचं कमी आणि कानाचं जास्त. तबकडीचा वेग मिनिटाला ७८ फेरे हा ठरला १९२०च्या दशकात. त्याआधीच्या तबकड्या याहून कमी किंवा जास्त वेगाने मुद्रित झालेल्या असू शकतात. वेगातला फरक सरळ गाण्याच्या पट्टीत उतरतो. ७८चे ८० झाले तर स्वर जवळपास पाव स्वराने चढतो. वेग ७४च्या थोडा खाली आला तर काळी एकमध्ये गाणारी व्यक्ती पांढरी एकमध्ये उतरते. हार्मोनियम घेऊन तबकडीबरोबर रियाज करणाऱ्याला हे लगेच कळतं, बाकीच्यांना फक्त गाणं जरा ‘रडतंय’ असं वाटतं. म्हणजे बालगंधर्वांची पट्टी कुठली होती, याचं तुमच्या घरातलं उत्तर गव्हर्नरच्या त्या गादीवर अवलंबून असतं.

वेग मोजायची साधी रीत आहे. तबकडीच्या कडेखाली कागदाचा कपटा खोचायचा, घड्याळ समोर ठेवायचं आणि मिनिटभरात कपटा किती वेळा समोरून गेला ते मोजायचं. दुसरी रीत रेघांच्या चकतीची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा बल्ब सेकंदाला १०० वेळा किंचित उजळतो-मंदावतो. चकतीवर ७७ रेघा असतील तर ७८च्या अगदी जवळच्या वेगाला त्या जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. दोन्ही वेळा पिन तबकडीवर टेकलेली हवी. साउंडबॉक्सचं वजन आणि पोलादी पिनेचं घासणं मोटरीला चांगलंच ओढतं, त्यामुळे रिकाम्या थाळीवर लावलेला वेग गाणं सुरू होताच खोटा ठरतो.

नवशिक्याची फसगत बहुधा बाजारात होते. मुंबईच्या चोर बाजारात खऱ्या जुन्या यंत्रांबरोबर चकचकीत पितळी कर्ण्याची, नव्या लाकडी पेटीची यंत्रंही मांडलेली असतात. परदेशी संग्राहक त्यांना ‘क्रॅपोफोन’ म्हणून हिणवतात. त्यांच्या पोटात अनेकदा एखाद्या मोडलेल्या सुटकेस ग्रामोफोनची मोटर असते. कर्णा शोभेचा, पेटी कालची आणि मोटर मात्र खरोखरची जुनी.

दुरुस्त झालेलं १०२ आता टेबलावर पुन्हा उभं आहे. थाळी बसवलीय, कागदाचा कपटा खोचलाय. पहिल्या मोजणीत ७५ भरतात. कारागीर खुंटी केसभर सरकवतो आणि पिन पुन्हा कडेला ठेवतो. ७९. पुन्हा मागे. तिसऱ्या खेपेला ७८ येतात आणि पेटीत धप्प आवाज नसतो. गाणं संपतं, पिन आतल्या मोकळ्या खोबणीत सरसरत राहते. तो साउंडबॉक्स उचलून ठेवतो, पण ब्रेक लावत नाही. उरलेली चावी पूर्ण उतरून थाळी स्वतःहून थांबेपर्यंत तसाच बसून राहतो आणि मगच झाकण लावतो.