समुद्राची वेस

श्रोतेहो, जपानने चीनची नक्कल केली, असे आपण सहज म्हणतो. पण आशियाचा नकाशा जरा डोळ्यांपुढे आणा. कोरिया आणि जपान यांच्यामध्ये सुमारे २०० किलोमीटरांचा समुद्र आहे. ही जपानची वेस. भिक्षू, कारागीर ती ओलांडून येत. सैन्य आणणे मात्र कठीण. मंगोलांच्या १२७४ आणि १२८१ च्या स्वाऱ्या सामुराईंच्या प्रतिकाराने व वादळांनी फसल्या.

भातशेती, बौद्ध धर्म, चिनी लिपी हे सारे कोरियाच्या वाटेने आले. पण चिनी अक्षरे जपानी बोलीला अडू लागली, तेव्हा नवव्या शतकाच्या सुमारास त्यांतूनच सोपी ‘काना’ अक्षरे घडली. त्यांतच मुरासाकी शिकिबू या दरबारी बाईंनी ‘गेंजी मोनोगातारी’ लिहिली.

आता जमीन पाहा. जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलूख डोंगराळ. खोऱ्याखोऱ्यांतल्या भातखाचरांवर क्योतोच्या दरबाराची हुकमत चालेना. ती राखणाऱ्या सामुराईंचा जोर वाढला आणि ११९२ साली योरितोमो शोगुन झाला. पुढे तर सरदारांची जहागीरही तांदळाच्या मापाने मोजू लागले.

मग ही नक्कल म्हणायची का? बियाणे शेजाऱ्याकडून आणले, तरी पीक आपल्या मातीच्या गुणानेच येते, हे शेतकऱ्याला का सांगायला हवे?